मोगरा, जाई, जुई की मल्लिगे? आधी रोप ओळखा, मग छाटणीची तारीख ठरवा (बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी)

हिरवीगच्ची (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार मंडळी. गच्चीवर चार कुंड्या आहेत. चारही "मोगरा, मल्लिगे" म्हणूनच विकत मिळालेल्या. एकीचं पान साधं, जाडसर. दुसरीचं पिसासारखं, सात-नऊ पानांचं. तिसरीचं मोठं पान एक आणि त्याच्या बुडाशी दोन चिमुकली. चौथीचं पान तोडलं की पांढरं दूध येतं. सगळे सांगतात नोव्हेंबरअखेर छाटा. चारही छाटायच्या का?

कातरीवाला
ताई, अजिबात नको. नोव्हेंबरची तारीख फक्त पहिल्या कुंडीची आहे. बाकी तिघींना ती लावली तर दोघींचा बहर उगाच पुढेमागे होईल आणि चौथीचा कदाचित पूर्ण जाईल.

पहिली, साधं पान, समोरासमोर जोडी: हा खरा मोगरा, जास्मिनम साम्बॅक. कन्नडमध्ये दुंडु मल्लिगे. फुलाच्या बुडाशी हिरवे दोऱ्यासारखे आठ-नऊ पाकळे दिसतील. एकेरी, दुहेरी, लांब टोकदार कळीचा मदनबाण, गुलाबासारखा गच्च बटमोगरा, ही सगळी याच एका झाडाची वाणं. बटमोगऱ्याला पुष्कळदा एका पेरावर दोनऐवजी तीन पानं येतात, वाढ सावकाश असते आणि कळी पावसात उमलायच्या आधीच सडते.

दुसरी, पिसासारखं पान, टोकाचं पान सगळ्यात मोठं: जाई. हीच चमेली, हीच जाजी मल्लिगे, जास्मिनम ग्रँडिफ्लोरम. कळीच्या बाहेरून गुलाबी झाक असली की शंका घ्यायचं कारण नाही.

तिसरी, एक मोठं पान आणि बुडाशी कानासारखी दोन बारीक: जुई, जास्मिनम ऑरिक्युलेटम. विजयनगर जिल्ह्यातल्या हूविन हडगलीची प्रसिद्ध मल्लिगे ती हीच. उडुपीची मल्लिगे मात्र साम्बॅक आहे. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या दोन "मल्लिगे" या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि बाजारात दोन्ही मल्लिगेच.

चौथी, दूध येणारी: ही जास्मिन नाहीच. झुडूप असेल तर तगर. वेल असेल, पान चकचकीत आणि फूल भिरभिऱ्यासारखं पिळलेलं असेल तर नर्सरीवाले तिला स्टार जास्मिन म्हणतात. दोन्ही कण्हेरीच्या कुळातल्या. वेल आहे की झुडूप?

हिरवीगच्ची
वेल आहे. फूल भिरभिऱ्यासारखंच.

कातरीवाला
मग स्टार जास्मिन. हिची फुलं मागच्या हंगामातल्या फांदीवर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. नोव्हेंबरात छाटलीत तर यायची फुलंच कापून टाकाल. फुलं संपली की लगेच छाटा, त्यानंतर वर्षभर हात लावू नका. मोगऱ्याचं उलटं आहे. त्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, म्हणून तो छाटल्याशिवाय फुलतच नाही म्हटलं तरी चालेल.

जांबोटी_रस्ता (खानापूर)
ओळखीची आणखी एक खूण: एकेरी फुलाची नळी नखाने उभी चिरा. आत पुंकेसर दोनच दिसले तर ते मोगऱ्याच्या कुळातलं. पारिजातकातही दोनच दिसतील, कारण तोही त्याच कुळातला. रातराणीत पाच असतात आणि पानं एकाआड एक. दुहेरी फुलावर हा प्रयोग फसतो, कारण तिथे केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

आमच्या भागातली कुसर विसरू नका. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या रानात फेब्रुवारी ते एप्रिल पांढरी शुभ्र पसरते. जास्मिनम मलबारिकम, लोक रानमोगरा म्हणतात. पान रुंद आणि साधं, पाकळ्या अरुंद आणि बऱ्याच, सहा ते दहा. फुलांचे घोस मोठे. उपटून आणू नका, मूळ खोल असतं आणि उपटलेलं रोप नव्वद टक्के मरतंच. पावसाच्या सुरुवातीला फाटा (कापलेली फांदी) लावलात तर लागतो. पण कुंडीत ती फुलेल ही आशा धरू नका, तिला चढायला झाड आणि पसरायला जागा लागते.

दुधगंगा (निपाणी)
कुंद राहिला की. पान साधं, म्हणून मोगरा म्हणून सर्रास खपतो. कोवळी फांदी आणि पानाची मागची बाजू बोटाने चोळा, मऊ लव लागली तर कुंद, जास्मिनम मल्टिफ्लोरम. हार-गजऱ्याच्या बाजारात याला काकडा म्हणतात. वास जवळजवळ नाही, पण फूल टिकाऊ, म्हणून व्यापाऱ्याला आवडतं. थंडीत फुलतो. मोगऱ्याबरोबर नोव्हेंबरात छाटला तर ऐन बहर कातरीखाली गेला. याची छाटणी बहर ओसरल्यावर, मार्च-एप्रिलात.

शेजारीण_बाई
माझ्याकडे हजारी मोगरा आहे, त्याचा कुणी उल्लेख केला नाही? मोठी फुलं, घोसच्या घोस.

दुधगंगा
बाई, नाव मोगरा, पण झाड वेगळं. तो क्लेरोडेंड्रम. पान चुरगाळून बघा, उग्र घाण वास येतो. फुलाचा वास मात्र गोड. कुंडीतच ठेवा. जमिनीत लावला की मुळातून पिल्लं काढत कुंपणापर्यंत जातो आणि खणून काढला तरी मुळाचा तुकडा राहिला की पुन्हा उगवतो.

अशी नावापुरती मोगऱ्याची किंवा जास्मिनची बरीच आहेत. आकाशमोगरा म्हणजे बुचाचं उंच झाड. केप जास्मिन म्हणजे अनंत. ऑरेंज जास्मिन म्हणजे कामिनी, पान चुरगाळलं की लिंबाच्या पानासारखा वास. ऑनलाइन पिवळ्या फुलाची "कॅरोलिना जास्मिन" दिसली तर घरात लहान मुलं असताना घेऊ नका, ती सगळीच्या सगळी विषारी असते. पिवळी हवीच असेल तर पिवळी जाई, जास्मिनम ह्युमिल, मागा.

सरीवरंबा (अथणी)
ओळख झाली, आता तारखा. शेतातल्या लागवडीसाठी साधारण हे धरतात आणि कुंडीलाही तेच चालतं:

मोगरा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. जाई डिसेंबरचा शेवटचा आठवडा. जुई जानेवारीचा शेवटचा आठवडा. कुंद आणि स्टार जास्मिन वर सांगितल्याप्रमाणे फुलानंतर.

मोगरा जमिनीपासून दीड ते पावणेदोन फुटांवर सरळ आडवा कापायचा. जाई-जुई मांडवावर असतील तर मुख्य खोड सोडून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर (नवी फूट येते त्या जागांवर) आणायच्या. छाटणीआधी जमिनीतल्या झाडाला दहा-पंधरा दिवस पाणी तोडून ताण द्यावा. कुंडीत इतका ताण चालत नाही. चार-पाच दिवसांत पानं मलूल दिसली की तेवढा पुरे. अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापली तर कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम आणि चुना 100 ग्रॅम, वेगवेगळ्या अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून, मग एकत्र. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, प्लास्टिकचं घ्या.

छाटल्यावर पानं राहिली असतील तर ती हाताने ओरबाडून काढा. हे लोक कंटाळ्याने सोडून देतात, आणि मग जुन्या पानावरची कोळी कीड आणि करपा रोग नव्या फुटव्यावर येतो.

कातरीवाला
बरोबर. कुंडीतल्या मोगऱ्याला नोव्हेंबरची मोठी छाटणी एकदाच, पण त्यानंतर प्रत्येक बहर संपला की फुललेल्या फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग कापत राहा. पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कळ्या येतात. जून लागला की हे थांबवा. बेळगावच्या पावसात कोवळा फुटवा सडतो आणि कळी उमलतही नाही.

हिरवीगच्ची
मोगऱ्याला हिरवीगार पानं आहेत, वाढ जोरात, पण कळी नाही. पाणी रोज घालते. कुणी म्हणतं चहाचा चोथा आणि एप्सम सॉल्ट घाला.

कातरीवाला
चोथ्याने कळी येत नाही. ताजा ओला चोथा मातीवर बुरशी धरतो आणि चिलटं आणतो. आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, त्याची कमतरता नसेल तर त्याने काही होत नाही. तुमच्याकडे कारण बहुधा तीनपैकी एक: सूर्य कमी, नत्र जास्त किंवा छाटणी नाही.

सूर्य पहिला तपासा. मोगऱ्याला किमान सहा तास थेट ऊन लागतं. तीन-चार तासांत पान हिरवं राहतं, फूल नाही. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला कुंडी असेल तर दक्षिण बाजूला सरकवा. मग नत्र. शेणखताचं पाणी, युरिया, गांडूळखत असं सगळं एकदम सुरू असेल तर दीड महिना सगळं बंद. त्यानंतर 12 ते 14 इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, अर्धी मूठ हाडांचा चुरा, कडेला मिसळून. खोडाला लावून नाही. रोज पाणी तर उन्हाळ्यातच. एरवी वरची इंचभर माती कोरडी झाल्यावर.

माती बदलायची झाली तर लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, जाड वाळू एक भाग. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून ठेवा. मोगरा कोरडं सहन करतो, बुडाशी साचलेलं पाणी नाही.

जांबोटी_रस्ता
खानापूरच्या पश्चिमेकडच्या मंडळींनी वाळू दीड भाग करा. आणि बटमोगरा जमिनीत लावायच्या फंदात पडू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक कळी धड मिळत नाही, आणि पावसाळा संपेपर्यंत खोडाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसायला लागतात. ती बुडसड, झाड वाचत नाही. एकेरी किंवा मदनबाण त्यातल्या त्यात तग धरतो. वरंबा फूटभर उंच, झाडं वरंब्यावर, दोन्ही बाजूला चर.

सरीवरंबा
आमच्याकडे उलट रोग. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत नवं पान पिवळं पडतं आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक युरिया टाकतात, पान आणखी पिवळं पडतं. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह आहे, पण चुन्यामुळे मुळाला मिळत नाही. फेरस सल्फेट 5 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड 1 ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. द्रावण करून ठेवू नका, तपकिरी झालं की निकामी. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए रूपातलं चिलेटेड (मुळाला मिळेल अशा संयुगात बांधलेलं) लोह मागा. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण चुनखडीत टिकत नाही. दुकानदार बरेचदा तेच हातात देतात, पिशवी वाचून घ्या.

कॅनॉलचं पाणी वर्षानुवर्षे पिऊन चोपण (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणाऱ्या) झालेल्या रानात मोगरा लावूच नका. जुई जरा सोसते, मोगरा नाही.

नवा_मळेकरी (हुक्केरी)
दोन गुंठ्यांत बाजारासाठी मोगरा लावायचा विचार आहे. अंतर आणि खताचं प्रमाण सांगता का? आधी तिथे तंबाखू होती.

सरीवरंबा
दादा, तंबाखूचं रान म्हटलं की पहिला प्रश्न सूत्रकृमीचा. तंबाखूच्या मुळांवर गाठी धरणारी सूत्रकृमी मोगऱ्यालाही धरते. दोन-चार ताटं उपटून मुळं बघा. मण्यासारख्या गाठी असतील तर आधी एक हंगाम झेंडू घ्या, मग लागवडीच्या खड्ड्यात शेणखताबरोबर 100 ग्रॅम निंबोळी पेंड घाला. गाठी असताना लावलेलं झाड मरत नाही, पण तिसऱ्या वर्षीही पहिल्या वर्षाएवढंच राहतं.

अंतर चार बाय चार फूट, गुंठ्यात 68 रोपं बसतात. दोन गुंठ्यांना 136, दहा-बारा जास्तीची घ्या, मर भरून काढायला. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. उन्हाळ्यात खणून महिनाभर उघडा ठेवा. प्रत्येकी 10 किलो शेणखत. जाई-जुईसाठी अंतर पाच-सहा फूट हवं, नाहीतर दोन वर्षांत आत हात जात नाही आणि तोडणी अडते.

रासायनिक खत पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला नत्र 60 ग्रॅम, स्फुरद 120, पालाश 120. म्हणजे युरिया 130 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 750 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 200 ग्रॅम. अर्धं छाटणीनंतर, अर्धं जून-जुलैत. पहिल्या वर्षी एवढं देऊ नका, चौथा हिस्सा पुरे. खोडापासून फूटभर लांब गोल चर काढून टाकायचं, मातीने झाकायचं आणि पाणी द्यायचं.

दुधगंगा
बाजारासाठी लावताय तर कळीवरच्या दोन किडी आधीच शिकून घ्या, कारण दोन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळा.

कळीला भोक, आत हिरवट अळी, दोन-चार कळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या: ही कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज तोडून साबणाच्या पाण्यात टाका. कडुलिंब बियांचा अर्क 5 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर एक लिटर पाण्यात, सकाळी गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून.

कळी बारीक राहून जांभळट-गुलाबी होते, बूड फुगतं आणि उमलायच्या आधी गळून पडते: हे कळीमाशीचं काम. हिची अळी कळीतून खाली पडून मातीत कोषावस्थेत जाते. म्हणून वर कितीही फवारा, पडलेल्या कळ्या उचलल्याशिवाय आणि झाडाखालची माती वरचेवर हलवल्याशिवाय फरक पडत नाही. झाडाखाली निंबोळी पेंड 100 ग्रॅम पसरून माती चाळा.

पानामागे बारीक लाल ठिपके, पान राखाडी: लाल कोळी, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. वाढला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण दुपारी नको आणि ऊन 35 अंशांच्या वर असताना तर मुळीच नको, पान भाजतं.

पानावर पांढरी लोकरीसारखी लव आली की लोक भुरी समजतात. पुसली तर जात नाही, ती भुरी नव्हे, डोळ्याला न दिसणारा कोळी ती उठवतो. तेवढे शेंडे कापून जाळा.

फवारणी कोणतीही असो, तोडणी झाल्यावर संध्याकाळी. ही फुलं डोक्यात माळली जातात आणि देवाला जातात, फवारल्यावर लगेच तोडून पाठवू नका.

नवा_मळेकरी
रोपं विकत घ्यावीत की फाटे लावावेत?

जांबोटी_रस्ता
136 रोपांसाठी फाटे. पण ज्या झाडाचे फाटे घेणार ते मार्च-एप्रिलात फुललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून खूण बांधून ठेवा. नर्सरीत पिशवीवर नाव लिहिलेलं असतं, पण बिनफुलाचा एकेरी आणि दुहेरी मोगरा नुसत्या पानावरून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

जून-जुलैत पाऊस स्थिरावला की ना कोवळी ना जून अशी पेन्सिलएवढ्या जाडीची फांदी, 15 ते 20 सेंटिमीटर, तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा. रूटिंग पावडर बुडाला लावा, आयबीए (मूळ फुटवणारं संप्रेरक) 1000 पीपीएमची. दोन डोळे वाळूत जातील असं खोचा आणि सावलीत ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. वर पालवी फुटली म्हणजे मूळ आलं असं समजू नका. फांदीतल्या साठ्यावरही पालवी फुटते, हलकेच ओढून बघा.

जाईचे फाटे मोगऱ्याइतके खात्रीने लागत नाहीत. तिची जमिनीकडे झुकलेली फांदी दाब कलमाला घ्या: खालच्या बाजूला एक तिरपी चीर, त्यात काडी, तो भाग तीन इंच मातीत दाबून वर वीट. तीन-चार महिन्यांत मुळं येतात. एकदम तोडू नका. आधी अर्धी कापा, आठ-दहा दिवसांनी उरलेली.

नवा_मळेकरी
आणि वाण? जाईत काही सुधारित?

सरीवरंबा
जाईत बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का सुरभी आहे, कळीला गुलाबी झाक. पण तुमचा बाजार गजऱ्याचा असेल तर मोगराच बरा. जाईची कळी नाजूक, लांबच्या प्रवासात लवकर तपकिरी पडते. तिला अत्तर-तेलाचं गिऱ्हाईक असतं आणि ते पूर्ण उमललेलं फूल मागतात, कळी नाही.

मोगऱ्याचं मात्र कळीतच तोडायचं, पूर्ण भरलेली, पांढरी, पण बंद. हिरवट कळी तोडली की ती नंतर उमलत नाही आणि वासही येत नाही. पहाटेपासून ऊन चढायच्या आत तोडणी संपवा. ओली कळी थेट पिशवीत भरू नका, सुती कापडावर पसरून पाणी निथळू द्या, मग भरा. गजऱ्याला केळीच्या सोपटाचा दोरा वापरला तर कळीला ओल मिळत राहते.

हिरवीगच्ची
मग माझ्या चार कुंड्यांचं वेळापत्रक असं: मोगरा नोव्हेंबर, जाई डिसेंबर, जुई जानेवारी, आणि स्टार जास्मिन फुलांनंतर. बरोबर ना, काका?

कातरीवाला
बरोबर. फक्त जाई छाटताना पानांच्या खाली बघा. नारिंगी पुळ्या आणि वेडीवाकडी जाड झालेली फांदी दिसली तर तो तांबेरा. त्या फांद्या कुंडीपासून लांब नेऊन जाळा आणि पुढच्या झाडाला लावायच्या आधी कातरी स्पिरिटने पुसा.